साथीच्या काळात ब्रेस्ट कॅन्सरचे उपचार कसे चालू ठेवायचे: एका केमो सिस्टरच्या सूचना

मी केमो डे-केअरची सिस्टर आहे. आमचं रुग्णालय धर्मादाय, मराठवाड्याच्या वेशीवरचं. बीड, धाराशिव, लातूरकडच्या बाया आमच्याकडे येतात, बहुतेक एसटीने, आदल्या रात्री मुक्कामाला. कोविडच्या साथीमुळे २५ मार्च २०२० पासून देशभर लॉकडाऊन लागला, एसटी थांबली आणि जिल्ह्यांच्या हद्दीवर नाकाबंदी आली. आमच्याकडे औषधं होती, डॉक्टर होते, खुर्च्याही होत्या. पेशंटच पोचत नव्हत्या. एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात एसटी पुन्हा सुरू व्हायला २० ऑगस्ट उजाडला. तोवर एखाद्या बाईच्या केमोचा जवळजवळ सगळा कोर्स होऊन जातो.

हे आमच्यापुरतंच नव्हतं. नॅशनल कॅन्सर ग्रिड म्हणजे देशातल्या कॅन्सर रुग्णालयांचं जाळं. त्यातल्या ४१ केंद्रांनी मार्च ते मे २०२० चे आकडे आदल्या वर्षाशी ताडून पाहिले. सगळे कॅन्सर धरून डे-केअरची केमो ३७ टक्क्यांनी घटली होती, मोठी ऑपरेशनं ४९ टक्क्यांनी, आणि नवीन पेशंटची नोंदणी ५४ टक्क्यांनी. यातला शेवटचा आकडा मला सगळ्यात जास्त छळतो. केमो चुकलेली बाई निदान आमच्या रजिस्टरमध्ये असते, तिला फोन करता येतो. जिची गाठ अजून कुणी पाहिलीच नाही, तिला फोन कुणी करायचा?

साथ पुन्हा येईल, तेव्हा ती कोणत्या रोगाची असेल ते सांगता येत नाही. पण आपल्यासारख्या ठिकाणी उपचार कुठे तुटतात ते आता कळलेलं आहे: घर आणि दवाखाना यांच्या मधल्या रस्त्यावर. म्हणून तयारीही त्या रस्त्याची करायची. हे मी दोघांसाठी लिहितेय: तालुक्या-जिल्ह्याच्या दवाखान्यात काम करणाऱ्या माझ्यासारख्यांसाठी, आणि घरातल्या बाईला घेऊन धावपळ करणाऱ्या नातेवाइकांसाठी. औषधाचा निर्णय डॉक्टरांचाच. पण तो निर्णय वेळेवर व्हावा यासाठी लागणारं बरंच काम आपलं असतं.

सुरुवात रजिस्टरपासून

चालू उपचारातल्या प्रत्येक बाईची एका ओळीत नोंद करा: गाव, दोन फोन नंबर (दुसरा शेजाऱ्याचा किंवा आशाताईचा), शेवटचा डोस कधी झाला, पुढचा कधी, आणि ईआर, पीआर, हर-टू या तीन तपासण्यांचा निकाल (गाठ हार्मोनवर वाढते का हे पहिल्या दोन सांगतात, हर-टू या प्रथिनावर वाढते का हे तिसरी). मग ही यादी तारखेप्रमाणे लावू नका, आजाराप्रमाणे लावा.

अजिबात थांबू शकत नाहीत अशा बाया सगळ्यात वर. ट्रिपल निगेटिव्ह (तिन्ही तपासण्या निगेटिव्ह) किंवा हर-टू पॉझिटिव्ह आजार असून बरं होण्यासाठी केमो चालू आहे त्या. छाती लाल होऊन सुजलीय, त्वचा संत्र्याच्या सालीसारखी झालीय, जखम वाहतेय त्या. केमो आधी घेऊन झालीय आणि आता ऑपरेशनची वाट पाहतायत त्या. या शेवटच्या गटाकडे नेमकं दुर्लक्ष होतं, कारण गाठ लहान झालेली असते, दुखत नसतं, आणि घरचे म्हणतात, "आता बरी आहे, जरा थांबू." नोव्हेंबर २०२० मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशेब छापून आला. ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन चार आठवडे लांबलं की मृत्यूचा धोका साधारण ८ टक्क्यांनी वाढतो, असं त्यात दिसलं. "जरा थांबू" म्हणणाऱ्यांना मी हेच सांगते.

पाळी गेलेली बाई, गाठ लहान, ईआर पॉझिटिव्ह, अशा पेशंटला डॉक्टर काही महिने हार्मोनविरोधी गोळीवर ठेवून ऑपरेशन पुढे नेऊ शकतात. आणि ज्यांचे उपचार संपलेत, फक्त टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोल ही हार्मोनविरोधी गोळी चालू आहे, त्यांना साथीत दवाखान्यात बोलावूच नये. तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्याव्यात आणि तपासणी फोनवर.

यादी दर सोमवारी डॉक्टरांपुढे ठेवायची. लाट वर-खाली होते, तशी यादीही बदलायला हवी.

आता त्या तीन तपासण्यांविषयी. बाहेरून बायोप्सी करून आलेल्या कितीतरी बायांच्या रिपोर्टवर नुसतं "कार्सिनोमा" एवढंच असतं. ईआर माहीत नसेल तर गोळीवर थांबवण्याचा मार्ग बंद. हर-टू माहीत नसेल तर ट्रॅस्टुझुमॅब (हर-टूवरचं औषध) लागणार का तेही कळत नाही. साथ नसतानाच हा रिपोर्ट पूर्ण करून घ्या. पेशंट घरी अडकली तरी लॅबमध्ये तिचा ब्लॉक (बायोप्सीचा मेणात जपलेला तुकडा) असतो, त्यावरून पुढची तपासणी होते. त्यासाठी तिला यावं लागत नाही.

कागद घरात नकोत, हातात हवेत

बायोप्सी, ईआर-पीआर-हर-टू, केमोचा तक्ता, शेवटची टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी), डिस्चार्ज कार्ड. यांचे फोटो बाईच्या फोनमध्ये, मुलाच्या फोनमध्ये आणि आमच्याकडेही. केमोचा तक्ता सगळ्यात महत्त्वाचा, कारण दुसऱ्या दवाखान्यातल्या डॉक्टरला औषधाचं नाव, डोस आणि कितवी सायकल हे कळल्याशिवाय तो पुढचा डोस देणार नाही, आणि देऊही नये.

लॉकडाऊनमध्ये ई-पाससाठी याच कागदांचा उपयोग झाला. आम्ही लेटरहेडवर तारखेसह चिठ्ठी द्यायचो: अमुक बाईला अमुक दिवशी केमो आहे, सोबत एक नातेवाईक. "उपचार चालू आहेत" असं मोघम लिहिलं की नाक्यावर वाद होतो. तारीख असली की सोडतात.

केमो बाईकडे नेता येते का?

काही औषधांची येते, काहींची येत नाही. हा फरक नीट समजून घ्या. ट्रॅस्टुझुमॅबचे पहिले डोस त्रासाशिवाय झाले असतील, इको चांगली असेल, तर पुढचे डोस जिल्हा रुग्णालयात देता येतात. हाडांसाठीचं झोलेड्रोनिक ॲसिडही तिथे होतं, आणि डॉक्टरांना पटलं तर ते महिन्याऐवजी तीन महिन्यांनी देतात. डॉक्सोरुबिसिनचं मात्र तसं नाही. ते लाल औषध शिरेबाहेर गेलं तर आतलं मांस जळतं, जखम महिनोन् महिने भरत नाही. ज्या सिस्टरने ते दिलेलं नाही तिच्या हाती ते देऊ नये, साथ असो वा नसो. पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधालाही आधी ॲलर्जीची इंजेक्शनं आणि पहिल्या काही मिनिटांत शेजारी उभं राहणारं माणूस लागतं.

म्हणून आम्ही डॉक्सोरुबिसिनच्या बाया आमच्याकडेच ठेवल्या आणि त्यांच्यासाठी गाडी लावली. एकाच तालुक्यातल्या तिघींना एकच तारीख, गावच्या जीपचं भाडं तिघींत, खिडक्या उघड्या, प्रत्येकीबरोबर एकच माणूस. हे जुळवायला फोनवर बसावं लागतं, पण एकटीने केलेल्या गाडीचं भाडं ऐकून बाई यायचंच टाळते.

पांढऱ्या पेशी वाढवणारं इंजेक्शन केमोनंतर २४ तासांनी द्यायचं असतं. त्यासाठी बाईला मुक्कामाला ठेवण्यापेक्षा आम्ही ते तिच्यासोबत पाठवायचो आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टर ते द्यायच्या. ते २ ते ८ अंशांत राहायला हवं आणि गोठता कामा नये. थर्मासमध्ये बर्फाची पिशवी, तिच्यावर जाड फडकं, आणि वर सिरिंज. बर्फाला सिरिंज टेकू द्यायची नाही. पोचल्यावर लगेच केंद्रातल्या लसींच्या फ्रीजमध्ये.

गोळ्यांसाठी मात्र प्रवास करायचं काहीच कारण नाही. लॉकडाऊनमध्ये पोस्टाने औषधं पोचवली. गावात पोस्टमन येतो तिथे टॅमॉक्सिफेनही येते.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

लाजू नका, विचारा. दर आठवड्याची पॅक्लिटॅक्सेल असेल तर तीन आठवड्यांनी देण्याचं औषध माझ्यासाठी चालेल का? (त्यात ताप येण्याचा धोका जास्त, म्हणून सोबत पेशी वाढवणारं इंजेक्शन लागतं.) रेडिएशन पाच आठवड्यांऐवजी तीन आठवड्यांत, १५ बैठकांत होईल का? ते आता कितीतरी ठिकाणी नेहमीचंच आहे. एप्रिल २०२० मध्ये तर ब्रिटनमधल्या फास्ट-फॉरवर्ड चाचणीचे निकाल लॅन्सेटमध्ये आले: निवडक पेशंटमध्ये एका आठवड्यात ५ बैठका, एकूण २६ ग्रे (रेडिएशन मोजायचं एकक), आणि पाच वर्षांनी निकाल तीन आठवड्यांच्या तोडीचे. शहरात खोली भाड्याने घेऊन राहणाऱ्या कुटुंबाला याचा अर्थ लगेच कळतो. सगळ्यांना हे लागू होत नाही, काखेतल्या गाठींवरही रेडिएशन द्यायचं असेल तर डॉक्टर वेगळा विचार करतात. पण विचारल्याशिवाय कळणार नाही.

केमोपोर्ट (केमोसाठी त्वचेखाली बसवलेली डबी) बसवलेला असेल तर तो किती दिवसांनी फ्लश करायचा तेही विचारा. साथीत बऱ्याच ठिकाणी हे अंतर तीन महिन्यांपर्यंत नेलं. हातातली पिक लाइन (दंडातल्या शिरेतून घातलेली लांब नळी) मात्र दर आठवड्याला फ्लश करून ड्रेसिंग बदलावंच लागतं, म्हणून ती कोण करणार हे ठरल्याशिवाय बाईला गावी पाठवू नये.

ऑपरेशननंतर बाईला ड्रेनसह (जखमेतलं पाणी बाटलीत काढणारी नळी) लवकर घरी सोडलं तर एक वही द्या. रोज सकाळी त्याच वेळी बाटलीतलं पाणी मोजून मिलीत लिहायचं. २४ तासांत ३० मिलीच्या खाली आलं की फोन करायचा. जवळच्या दवाखान्यात ड्रेन काढता येतो. वास आला, रंग बदलला, एकदम रक्त आलं, तर वही पाहत बसू नका, त्याच क्षणी फोन.

ताप

या भागासाठी थोडं थांबा, कारण साथीत केमोच्या बायांचे जीव इथेच जातात.

केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी होतात. या दिवसांत १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप म्हणजे तातडी. एका तासाच्या आत शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. एरवी आमच्या बायांना हे माहीत असतं. पण साथीत ताप आला की माणसाकडे साथीचा संशयित म्हणूनच पाहतात. फिव्हर क्लिनिकची रांग, मग स्वॅब, मग रिपोर्टची वाट. त्या वाट पाहण्यात रात्र जाते, आणि पेशी शून्याकडे गेलेल्या बाईजवळ तेवढी रात्र नसते. घरचेही घाबरतात. क्वारंटाइनमध्ये नेतील म्हणून पॅरासिटामॉल देऊन ताप झाकतात.

यावर आम्हाला सगळ्यात उपयोगी पडलं ते एक पिवळं कार्ड. प्रत्येक केमोनंतर ते भरून द्यायचं, मराठीत आणि इंग्रजीत:

"ही रुग्ण ब्रेस्ट कॅन्सरच्या केमोथेरपीवर आहे. शेवटचा डोस दि. ____. ताप १००.४ किंवा जास्त असल्यास कृपया सीबीसी व ब्लड कल्चर घेऊन एका तासात शिरेतून अँटिबायोटिक सुरू करावे. साथीची तपासणी करावी, परंतु तिच्या अहवालासाठी थांबू नये. अधिक माहितीसाठी डे-केअर: ____."

एक ऊसतोड कामगार ताई होती. कारखान्याच्या तळावर अडकून नंतर गावी परतलेली, दुसरी केमो झालेली. दहाव्या दिवशी रात्री ताप. गावच्या आशाताई तिला ग्रामीण रुग्णालयात घेऊन गेल्या आणि रांगेत न उभं राहता कार्ड थेट मेडिकल ऑफिसरच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी कार्डावरच्या नंबरवर फोन लावला, माझ्याशी बोलले, आमच्या डॉक्टरांशी बोलले. त्यांच्या कपाटात जे अँटिबायोटिक होतं ते शिरेतून सुरू केलं, स्वॅब घेतला आणि मग १०८ बोलावली. आमच्याकडे आली तेव्हा पांढऱ्या पेशी हजाराच्या खाली होत्या. स्वॅब निगेटिव्ह आला, पण तो आला तोवर तिला अँटिबायोटिकचे तीन डोस जाऊन झाले होते.

तेव्हा प्रत्येक बाईच्या घरात डिजिटल थर्मामीटर हवा, आणि तो वाचता यायला हवा. मी डे-केअरमध्ये बाईला स्वतःच्या हाताने लावायला लावते, आकडा मोठ्याने वाचायला लावते. ज्यांना आकडा वाचता येत नाही त्यांच्या घरातल्या शाळकरी मुलाला शिकवते. ताप मोजण्याआधी पॅरासिटामॉल नाही. थंडी वाजून हुडहुडी भरली तर ताप नसला तरी फोन.

बाईला खरोखरच कोविड झाला तर केमो थांबते आणि बरं झाल्यावर पुन्हा सुरू होते, कधी ते डॉक्टर ठरवतात. टॅमॉक्सिफेनवर असलेली बाई कोविडसाठी ॲडमिट झाली तर तिथल्या डॉक्टरांना हे नक्की सांगा. कोविडमध्ये रक्ताच्या गुठळ्या होतात, टॅमॉक्सिफेननेही तो धोका थोडा वाढतो. गोळी काही दिवस बंद ठेवायची का हे त्यांना ठरवता आलं पाहिजे.

फोनवर कुणाशी बोलायचं

बाईशी. हे लिहावं लागतं, कारण फोन मुलाचा किंवा नवऱ्याचा असतो आणि तो म्हणतो, "बरी आहे." आमचा नियम होता की फोन तिच्या हातात गेल्याशिवाय चौकशी संपली असं धरायचं नाही. आणि "कशा आहात?" विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. म्हणून विचारायचं: काल रात्री किती वेळा उठलात? भाकरी अर्धी जाते का पूर्ण? तोंडात फोड आहेत का? जिना चढताना दम लागतो का? ऑपरेशनचा हात वर करून वेणी घालता येते का? वेणीच्या प्रश्नावर खरं उत्तर हमखास येतं.

जखमेचा फोटो मागवायचा असेल तर तो घरातल्या बाईने किंवा आशाताईने काढावा, चेहरा येऊ न देता, आणि आम्हाला पोचला की त्यांच्या फोनमधून काढून टाकावा. हे आधीच सांगितलं तर बाया फोटो पाठवतात, नाही तर दुखणं अंगावर काढतात.

२५ मार्च २०२० ला सरकारने टेलिमेडिसिनची नियमावली काढली, त्यामुळे फोनवरून औषध लिहून देणं रीतसर झालं. मॉर्फिन मात्र त्यात बसत नाही. ज्या बाईचा आजार हाडात गेलाय, जिला वेदनेसाठी मॉर्फिन लागते, तिचा साठा पुढच्या बंदच्या आधीच प्रत्यक्ष येऊन भरून ठेवायला हवा. लाट येतेय असं कानावर आलं की माझा पहिला फोन या बायांच्या घरी जातो.

पैसे

हातावर पोट असलेल्या घरात मजुरी बंद झाली की केमोची तारीख आपोआप मागे पडते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन, केमो आणि रेडिएशन येतं. मे २०२० मध्ये ती राज्यातल्या सगळ्या रहिवाशांना खुली केली, आणि आता आयुष्मान भारतसोबत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. रुग्णालयात योजनेचे मदतनीस, म्हणजे आरोग्यमित्र, बसतात, त्यांना आधी भेटा, बिल भरून झाल्यावर नको. रेशन कार्डावर बाईचं नाव आहे ना आणि ते आधारशी जुळतं ना, हे आजच पाहा. माहेरच्या कार्डावर नाव राहिलेल्या बाया दर महिन्याला भेटतात, आणि बंदच्या काळात तहसील कचेरीतून नाव दुरुस्त करून आणणं फार अवघड जातं.

दवाखान्याच्या आत

रुग्णालय साथीसाठी ताब्यात घेतलं जाणार असेल तर केमोच्या खुर्च्या आधीच दुसऱ्या इमारतीत हलवा. शाळेचा हॉलही चालतो, पाणी, शौचालय आणि आणीबाणीची औषधं हाताशी हवीत. वेगळं दार, खुर्च्यांत अंतर. सिस्टरांच्या दोन तुकड्या करा ज्या एकमेकींना भेटणार नाहीत, म्हणजे एक तुकडी आजारी पडली तरी डे-केअर बंद पडत नाही. रक्त तपासणी आदल्या दिवशी गावाजवळ करून रिपोर्ट फोनवर मागवला तर पेशी कमी म्हणून बाईला रिकाम्या हाती परत जावं लागत नाही.

लस

लस ऑपरेशन झालेल्या बाजूच्या हातात घेऊ नये. दोन्ही बाजूंचं ऑपरेशन असेल तर मांडीत देतात, केंद्रावर तसं आधी सांगा. लसीनंतर त्या बाजूच्या काखेत गाठ सुजू शकते. कॅन्सर परत आला म्हणून बाया रडत फोन करतात. बहुतेक वेळा ती काही आठवड्यांत ओसरते. तरी डे-केअरला कळवा, आणि मॅमोग्राफी ठरली असेल तर लसीची तारीख नि बाजू तिथे सांगा.

नवीन गाठ

साथीत तपासणी शिबिरं बंद ठेवली तर समजू शकते. पण हाताला गाठ लागलेली बाई ही शिबिरातली बाई नव्हे, तिला थांबवू नका. जागतिक आरोग्य संघटनेचं उद्दिष्ट आहे की पहिल्यांदा दाखवल्यापासून ६० दिवसांच्या आत निदान पूर्ण व्हावं.

यासाठी मोठं मशीन लागतंच असं नाही. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये सुमारे दीड लाख बायांवर वीस वर्षं चाचणी केली. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनाची तपासणी केली, एवढंच. २०२१ मध्ये निकाल आले: आजार लवकरच्या टप्प्यात सापडला, आणि पन्नाशीपुढच्या बायांत ब्रेस्ट कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. आशाताई आणि उपकेंद्रातल्या सिस्टर साथीतही घरोघर जात होत्या, ताप आणि ऑक्सिजन मोजत होत्या. त्याच फेरीत एक प्रश्न विचारता येतो: "छातीत, काखेत गाठ लागते का? बोंडातून पाणी, रक्त?" हो म्हणाली तर नाव, गाव, फोन आमच्याकडे. सोनोग्राफी आणि बायोप्सी एकाच दिवशी ठरवायची, म्हणजे तिची एक खेप वाचते.

लाट ओसरली की रजिस्टर पुन्हा उघडा आणि खालून वर या. ज्यांना आपणच थांबायला सांगितलं होतं, गोळीवर ठेवलं होतं, ऑपरेशन पुढे ढकललं होतं, त्यांना फोन आपण करायचा. "तुम्हीच म्हणाला होतात, बोलावू तेव्हा या," असं म्हणत त्या वर्षभर घरी थांबतील. प्रत्येकीच्या नावापुढे नवी तारीख लिहून झाली, आणि ती तारीख तिने स्वतः फोनवर उलट म्हणून दाखवली, की मगच ते पान उलटा.